औषधाच्या वासाची पेटी

नेरच्या बस स्टँडमागं माझं दुकान आहे. आत दोन माणसं उभी असली की तिसऱ्यासाठी पंप बाहेर काढून ठेवावे लागतात, एवढंच ते दुकान. पाटीवर मात्र मी ‘जलाल इंजिनिअरिंग वर्क्स’ असं लिहून घेतलंय. माझं शिक्षण सातवी. पेंटरनं विचारलं होतं, इंजिनिअरिंग काहून? मी म्हटलं, पाटीवर जागा उरून राह्यली म्हणून.

बावीस वर्षं मी फवारणीचे पंप दुरुस्त केले. वायसर बदलायचं, नोझल साफ करायचं, गळकी टाकी बंद करायची. कापसावर फवारणी चालू तोवर माझी चूल चालू. मग बोंडअळीचं वर्ष आलं. बोंड बाहेरून हिरवंगार आणि फोडलं की आत अळी. लोकांनी उभ्या पिकात ढोरं सोडली. ज्याचं पीकच गेलं तो पंप कशाला दुरुस्त करणार? दुरुस्तीला टाकलेले पंपही कुणी न्यायला येईना. रस्त्यावरून जाणाऱ्यांना मी रिकामा दिसू नये म्हणून मी तेच पंप पुन्हा उघडायचो आणि पुन्हा बंद करायचो. एका पंपाचं वायसर मी त्या हिवाळ्यात चारदा बदललं. तो पंप इतका चांगला त्याच्या मालकाकडे कधीच चालला नव्हता.

घरी आम्ही हिंदी बोलतो. पण माझी बायको अकीला फार रागावली की मराठीत येते, म्हणजे शेजाऱ्यांनाही समजावं. त्या हिवाळ्यात ती बरंच मराठी बोलली.

अशात एक दिवस अर्पिता मॅडम एक प्लास्टिकचा डबा घेऊन दुकानात आल्या. त्या एका संस्थेत होत्या. संस्थेचं काम कापसाच्या जिनिंग गिरणीमागच्या वस्तीत होतं. ती वस्ती सरकारी जागेवरची. जागा कुणाच्याच नावावर नाही, त्यामुळे संडास बांधायची परवानगी नाही, आणि परवानगी मिळाली असती तरी वीतभर मातीखाली काळा खडक. बाया पहाटे नाल्याकडे जात, तर तिथं आता उघड्यावर बसणाऱ्यांना शिट्ट्या वाजवून उठवणारं पथक उभं राहू लागलं होतं. म्हणून संस्थेनं अकरा घरांना एकेक पेटी दिली होती. खुर्चीसारखी पेटी, आत डबा. बसायचं, वरून आरागिरणीतला भुसा टाकायचा, झाकण लावायचं. आठवड्यातून दोनदा माणूस येणार, भरलेला डबा झाकण लावून नेणार, धुतलेला ठेवून जाणार. गावाबाहेरच्या शेडमध्ये त्याचं खत होणार.

सगळं ठीक होतं, पण डब्याचं झाकण गळत होतं. रस्त्यावरच्या खड्ड्यात डबे नेणारा पायडलचा ठेला आदळला की डबे हिंदकळायचे. आधीचा माणूस एका खड्ड्यानंतर ठेला तिथंच सोडून घरी निघून गेला होता, तो परत आलाच नाही. झाकणाखालच्या नव्या रबरी रिंगा यायला महिना लागणार होता. मॅडमनी विचारलं, तुमच्याकडून काही होईल का?

मी झाकण उजेडाकडे धरलं, डॉक्टर एक्स-रे धरतात तसं, आणि एक डोळा मिटला. म्हणालो, “दोन दिवस.” झाकणाचं नेमकं काय बिघडलंय ते मला अजून कळलेलं नव्हतं. पण काहीही विचारलं तरी मी दोन दिवसच सांगतो.

पुढचं मात्र खरोखर जमलं. माझ्याकडे जुन्या पंपांच्या रबरी नळ्यांचा ढीग पडला होता. एक नळी लांबीनं चिरली आणि डब्याच्या काठावर घट्ट चढवली. पाणी भरून, झाकण लावून डबा उलटा केला, वर उभा राहिलो. एक थेंब गळला नाही. मॅडमनी विचारलं, रबर स्वच्छ आहे ना? मी म्हटलं, सोड्याच्या पाण्यात दोनदा धुतलंय. ते खरं होतं. मी वासही घेऊन पाहिला होता, काहीच आला नाही. बावीस वर्षं कीटकनाशकाच्या पंपांत घातलेल्या नाकाला वास येईनासा झाला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इंजिनिअर माणूस स्वतःच्या नाकावर कशाला शंका घेईल?

मॅडम खूश झाल्या, नव्या रिंगांची मागणी रद्द केली आणि डबे न्यायचं कामही मलाच विचारलं. मी म्हटलं, विचार करून सांगतो. आणखी चार ठिकाणांहून बोलावणी आल्यासारखं म्हटलं. घरी अकीलानं एकच विचारलं, डबा गळतो का? मी म्हटलं, नाही, माझी रिंग आहे. ती म्हणाली, मग अडलं काय? मंगळवारपासून मी ठेला चालवायला लागलो. चहाच्या टपरीवर सांगितलं की कंपनीचं सर्व्हिसिंगचं काम मिळालंय.

वस्तीत पहिली पेटी घेतली होती रुपीबाईनं. सत्तरीची बंजारा बाई, दोन्ही गुडघे धरलेले. नाल्यापर्यंत जाणं म्हणजे तिला तालुका ओलांडण्यासारखं होतं. मुलगा किसनसिंग वणीला कोळशाच्या ट्रकवर, त्यामुळे ती एकटीच राहायची. टिनाच्या खोलीत तिनं पेटी कोपऱ्यात ठेवून लुगड्याचा पडदा लावला होता. तिचा एक नियम होता. पेटीवर बसायचं तर दाराला आतून कडी, आणि बाहेरून कुणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. पहिल्याच आठवड्यात मी ठेला घेऊन दारात दहा मिनिटं ओरडत उभा होतो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “मिस्त्री, बसलेल्या बाईले हाका मारतेत काय?”

मार्च महिना बरा गेला. एप्रिलमध्ये टिनाच्या खोल्या तापल्या आणि नळीच्या रबरात बावीस हंगाम मुरलेलं औषध बाहेर यायला लागलं. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. अमक्यानं औषध घेतलं, एवढं म्हटलं की ऐकणारा पायात चप्पल घालायला लागतो.

अशाच एका दुपारी मी वस्तीच्या टोकाला ठेल्यावर डबे भरत होतो. रुपीबाईच्या शेजारी इंदुताई राहते. ती ताक द्यायला तिच्या दाराशी गेली. दाराला आतून कडी होती आणि फटीतून वास येत होता. इंदुताईनं हाका मारल्या. आतून उत्तर नाही. पुन्हा मारल्या. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला आणि बंद पडला. इंदुताईनं तिसरी हाक मारली नाही. आपल्या दारातला पाटा उचलला आणि दारावर घातला.

मी आवाज ऐकून पळत पोहोचलो, तोवर दार मोडलं होतं आणि चार बाया रुपीबाईला पडद्याबाहेर ओढत होत्या. रुपीबाई एका हातानं लुगडं धरून दुसऱ्या हातानं सगळ्यांना मारत होती. इंदुताई म्हणाली, औषध घेतलं. मला वास आला नाही, पण चार बाया सांगतायत म्हटल्यावर मी कशाला मागं राहू? उलट पुढारपण माझ्याकडेच आलं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची असते, हे मी कुठंतरी ऐकलं होतं. मी तिचं नाक दाबलं आणि तांब्याभर मिठाचं पाणी घशात ओतलं. ती सांगत होती की काही घेतलं नाही, नुसती बसली होती. मी बायांना समजावलं की औषध डोक्यात चढलं की माणूस असंच बोलतं.

मग ठेल्यावरचे डबे खाली उतरवले, रुपीबाईला वर निजवलं आणि मी सरकारी दवाखान्याकडे पायडल मारत सुटलो. मागं इंदुताई तिचे पाय धरून. रुपीबाई वाटभर मला, माझ्या बापाला आणि माझ्या पेटीला शिव्या देत होती, मधेमधे उलट्या करत होती. रस्त्यात लोक थांबून बघत होते. खोटं कशाला बोलू, मला आतून फार मोठं वाटत होतं. जलालनं एक जीव वाचवला, असं उद्या टपरीवर कोण कोण म्हणेल त्याची नावं मी मोजत होतो.

डॉक्टरांनी रुपीबाईचं तोंड हुंगलं, डोळे पाहिले, नाडी पाहिली. मग पुन्हा तोंड हुंगलं. म्हणाले, हिच्या तोंडाला तर मिठाचाच वास आहे. मग खोलीत इकडंतिकडं वास घेत घेत माझ्यासमोर येऊन थांबले. धंदा काय, विचारलं. मी म्हटलं, इंजिनिअरिंग. म्हणाले, कसलं? मी म्हटलं, फवारणीच्या पंपाचं. त्यांनी माझे हात मागितले, नाकाजवळ नेले आणि झटक्यात सोडले. रुपीबाई खाटेवरून ओरडली, ह्याच्या पेटीवर नुसती बसली होती मी.

“पेटीला काय लावलंय तुम्ही?” त्यांनी विचारलं.

तेव्हा मला नळ्या आठवल्या.

तरीही त्यांनी रुपीबाईला ठेवून घेतलं. मिठाच्या पाण्यानं तिला बराच थकवा आला होता. म्हणजे आजार मी केला नव्हता असंही म्हणता येत नाही.

दरम्यान इंदुताईनं वणीला फोन केला होता की याडीनं औषध घेतलं. याडी म्हणजे आई. दिवस मावळायच्या आधी दवाखान्यासमोर कोळशाचा रिकामा ट्रक येऊन उभा राहिला. किसनसिंग आत आला. डोक्यापासून पायापर्यंत काळा, आणि गालांवरून दोन स्वच्छ रेघा खाली आलेल्या. आई खाटेवर बसून चहात बिस्किट बुडवत होती. तो दारातच थांबला. दोन दिवाळ्या झाल्या, तो गावी आला नव्हता. मग खाटेशी जाऊन त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते वर करेचना. रुपीबाईनं त्याच्या केसांतला कोळसा झटकला आणि विचारलं, जेवला का?

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, दवाखान्यात कोणी आणलं? तिनं माझ्याकडे बोट केलं. “ह्यानंच केलं न् ह्यानंच आणलं.”

मार खायची माझी तयारी होती. मी भिंतीकडे सरकूनही बसलो होतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी पडू नये. पण त्याला अर्धंच ऐकू आलं असावं. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ धरून ठेवले. मग स्वतःचे हात नाकाशी नेले आणि बाहेर जाऊन साबणानं धुऊन आला.

दुसऱ्या दिवशी अर्पिता मॅडमनी अकरा घरांतल्या रिंगा काढायला लावल्या आणि कंपनीच्या नव्या मागवल्या. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की त्या काठाला लोकांचे हात लागतात, अंग लागतं, आणि त्यांनी विचारलं होतं तेव्हा मी नक्की माहीत असल्यासारखं सांगितलं होतं. त्या ओरडल्या असत्या तर मी काहीतरी उलट बोललो असतो. मी नळ्या पोत्यात भरल्या. पाच घरांनी पेट्याच परत केल्या. झाकण बदला नाहीतर काही करा, आता ती वस्तू डोळ्यांसमोर नको म्हणाले.

इंदुताईकडे माफी मागायला जायला मला तीन दिवस लागले. ती सुपात तुरी निवडत होती. मी उभ्यानंच बोललो, चूक झाली, माझ्यामुळं तुमची फजिती झाली, दार मोडलं. तिनं दोन खडे वेचून बाजूला टाकले. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला, हे मला माहीत होतं. कसा गेला ते वस्तीत कुणी बोलत नसे.

“त्या दिवशीबी असाच वास आला व्हता,” ती म्हणाली. “मले वाटलं, फवारून आला, थकला, झोपला असंन. म्या उठवलं नाही त्याले.” तिनं सूप हलवलं. “या वेळी मी थांबली नाही. माही कायची फजिती, मिस्त्री?”

मी तिच्या दारातला पाटा उचलून जागेवर ठेवला. तो जागेवरच होता, तरी उचलून ठेवला.

नव्या रिंगा आल्यावर मी त्या पाच घरी गेलो. पहिल्या घरी मी तांत्रिक बाजू समजावली. त्यांनी मला पाणीही विचारलं नाही. दुसऱ्या घरी काय बोलावं सुचेना, म्हणून झालं तसं सगळं सांगितलं. नाक दाबलेलं, मिठाचं पाणी, डॉक्टरांनी हुंगलेले हात, भिंतीकडे सरकलेला मी. घरातली म्हातारी हसून हसून खाटेवर आडवी झाली आणि म्हणाली, ठेव बापा पेटी. पुढच्या तीन घरी मी इंजिनिअर हा शब्दच काढला नाही, सरळ गाढवपणापासून सुरुवात केली. गणपतीपर्यंत चार घरं परत आली. पहिलं आलं नाही. ते लोक रस्त्यात बोलतात, पण पेटीचा विषय काढत नाहीत, आणि मीही काढत नाही.

रुपीबाईनं पेटी परत दिलीच नव्हती. गुडघ्यांपुढं इलाज नाही, म्हणाली. किसनसिंग आता महिन्या-दोन महिन्यांनी येतो. मला पाहिलं की लांबूनच हात जोडतो.

आता माझ्याकडे त्रेचाळीस घरं आहेत. टपरीवर काय काम करतो ते मी सांगतो, आणि सांगितल्यावर अर्धे लोक बाकावर थोडं सरकून बसतात. मला जागा जास्त मिळते. अकीला मला अंगणात हात धुवायला लावते, मग स्वतः हुंगून घरात घेते, कारण माझ्या नाकाचा आता घरात कुणालाच भरवसा नाही.

गेल्या पावसाळ्यात संस्थेनं वणीतही हे काम सुरू केलं आणि तिथल्या नव्या माणसांना शिकवायला मॅडमनी मला नेलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. सगळं दाखवून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं की पावसात भुसा ओला झाला तर तो वापरायचा की टाकून द्यायचा? दोन उत्तरं माझ्या तोंडापर्यंत आली, दोन्ही चांगल्या आवाजात सांगण्यासारखी होती. मी मॅडमकडे पाहिलं. मग म्हणालो, मले माहीत नाही, विचारून सांगतो. बाईनं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.