पुसायचा राहिलेला आवाज

रेडिओच्या इतिहासाचा अभ्यास करते, पण जुनी टेप सुरू झाली की अजूनही मी खुर्ची पुढे ओढते. परवा ध्वनिसंग्रहालयातल्या सुनंदाताईंनी एक टेप लावली, तर तिच्यावरच्या लेपाची तपकिरी भुकटी झडू लागली.

"पुन्हा वाजेल असं वाटत नाही. नीट ऐका," त्या म्हणाल्या. त्यांचं बोट बंद करायच्या बटणावरच होतं.

टेपची टंचाई असायची तेव्हा जुना कार्यक्रम पुसून त्यावरच नवा घेत. इथे भातावरच्या रोगाचं भाषण संपलं आणि आधीच्या कार्यक्रमाचा न पुसलेला तुकडा वाजला. एक बाई श्वास घेऊन म्हणाली, "श्रोतेहो, आता ऐका..."

टेप संपली. भात वाचवायला कुणीतरी या बाईला पुसलं होतं.

रिकामं चाक फिरत राहिलं.

"बंद करा ना," मी म्हटलं.

ताईंनी बोट काढून घेतलं. "थांबा. तिचं बोलणं राहिलंय."