आई चर्चच्या दारातच थांबली

मंडळी, आत्ताच हॉटेलवर पोचलोय, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

नागपूरहून आलेल्या आईला घेऊन आज दक्षिण इलिनॉयमधलं फ्रेंचांनी वसवलेलं एक जुनं खेडं पाहिलं. मागे चुनखडीचे उंच पांढरे कडे, पुढे मिसिसिपीपर्यंत मक्याची शेतं आणि मध्ये लाकडी ओंडक्यांचं जुनं चर्च. इतकं साधं, इतकं देखणं!

मी आणि लेक आत शिरलो. आई दारातच थांबली.

"आधी विचार गं, आपल्याला आत चालतं का?"

"आजी, कमॉन! नोबडी केअर्स!" माझी लेक हसली.

लहानपणी जात विचारून आईला गावच्या देवळाच्या पायरीवरून परत पाठवलं होतं. लेकीला हे माहीत नाही.

मी चर्च सांभाळणाऱ्या बाईंना खरंच विचारलं. त्या क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "दार त्यासाठीच तर उघडं ठेवते मी."

आई आत आली ती थेट पहिल्या बाकावर जाऊन बसली. वरचे वासे बराच वेळ पाहत राहिली.

"काय सुरेख बांधलंय गं!"

गाडीत लेकीनं हळूच विचारलं, "आजीनं परमिशन का मागितली?"

आई झोपली होती, तरी मी "उद्या सांगते" एवढंच म्हणाले. तुम्ही काय सांगितलं असतंत?