साडूंनी उघडलेला समुद्र

स्थिर उभ्या असलेल्या वस्तूंवर माझ्या थोरल्या साडूंइतका अविश्वास अख्ख्या खानदेशात दुसऱ्या कुणी दाखवला नसेल. ते धुळ्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. मुलं वर्गात फारशी येत नसत, म्हणून मग ते घरी आलेल्या पाहुण्यांना शिकवत. ताटात भाकरी पडली, की ती सरळ रेषेत न मोडता मध्ये पायरीसारखं एक वळण ठेवून मोडत आणि दोन्ही तुकडे एकमेकांना घासत उलट दिशांना सरकवत. पायरीपाशी फट पडे. तीत शेवभाजीचा रस्सा ओतून ते विजयी मुद्रेनं म्हणत, "हा अंदमानचा समुद्र! जमीन शेजारून सरकते हो, आणि वळणावर उघडते."

"किती दिवसांत?" मी एकदा भीतभीत विचारलं.

"नखं वाढतात ना, साधारण त्या वेगानं."

रस्सा त्याआधीच गार होई. गंमत म्हणजे साडूंनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. एकदा मुंबईला निघाले होते, ते घाटातले दगड बघून अर्ध्या वाटेतून परतले.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साली त्यांच्या मुलीसाठी, सुमनसाठी, पिंपळनेरचं स्थळ आलं. घर बघायला निघालो, तेव्हा अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बसमध्ये बजावून ठेवलं, "तिथे दगडांचा विषय काढायचा नाही." साडूंनी शब्द पाळला. त्यांनी भिंतीचा विषय काढला. मुलाच्या वडिलांच्या, आबांच्या, नव्या घराला एक तिरपी चीर गेली होती. साडू चहा सोडून उठले, चिरेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "आबा, तुमची जमीन सरकतेय."

आबांचा चेहरा उतरला. "नवं घर शे हो पाव्हना! गवंडीनी चूक व्हई. जमीन सरकी तं बठ्ठं गाव सरकी जाई ना!"

अक्कांनी पदर तोंडाला लावला. स्थळ गेलं, हे आम्ही धरूनच चाललो. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला मुलगा पुढे आला. तो पोर्ट ब्लेअरला सरकारी नोकरीत होता, सुट्टीवर आलेला.

"काका, तिकडे अंदमानात अधूनमधून जमीन हलते. ती का हो?"

साडूंना आयुष्यात असा प्रश्न आपणहून कुणी विचारला नव्हता. त्यांनी भाकरीच मागवली. पोरगा दोन तास ऐकत होता आणि सुमन दाराआडून त्या ऐकणाऱ्याकडे बघत होती. लग्न तिथेच ठरलं.

लग्नानंतर दोघं अंदमानला निघाली, त्या दिवशी चाळीसगाव स्टेशनवर दुपारी कलकत्त्याची गाडी आली. पुढे बोटीचा प्रवास होता. सुमन खिडकीशी बसली. साडू तिला काहीतरी समजावून सांगतील म्हणून आम्ही सगळे थांबलो, पण ते नुसते खिडकीचा गज धरून उभे राहिले. गाडी हलली, तसे तिच्याबरोबर चार पावलं चालले. मग गज सुटला.

फलाट रिकामा झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "तिथून पत्र यायला किती दिवस लागत असतील हो?"