न उगवलेले जंतू

लोक विचारतात, तुम्ही नक्की करता काय? जंतू वाढवते, असं मी सांगते, आणि समोरचा हळूच हात मागे घेतो. सांगलीतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य यातच चाललंय. जखमेतला पू प्लेटवर पसरायचा, उबेत ठेवायचा आणि जे उगवेल त्यावर कोणतं औषध चालतं ते बघायचं. सातारा-सांगलीकडच्या जखमांमधले जंतू औषधांना दाद का देईनासे झालेत, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्या जंतूंचा मला राग येतो आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटतं.

गेल्या वर्षी शिराळ्याकडचे एक माजी सैनिक वॉर्डात दाखल झाले. जुना मधुमेह, तळपायाला जखम, आणि ती खोल खोल चाललेली. कोणतं औषध द्यायचं हे सर्जनना माझ्याकडून हवं होतं, आणि माझ्या प्लेटवर काहीच उगवत नव्हतं. पुन्हा नमुना मागवला, पुन्हा प्लेट कोरीच. सर्जन म्हणाले, "आता थांबणं धोक्याचं आहे. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल."

माझं डोकं फिरलं. कारण त्याच पुवाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की जंतूंची जत्रा दिसायची. म्हणजे जंतू होते, पण माझ्याकडे येण्याआधीच कोणीतरी त्यांचा गळा दाबत होतं. मी ॲप्रनसकट तडक वॉर्डात गेले. एरवी आम्ही रुग्णाचं तोंडही बघत नाही, आम्हाला फक्त त्याचा नंबर ठाऊक असतो.

काका पलंगावर ताठ बसले होते. उशाशी त्यांची बायको.

"मावशी, जखमेवर घरचं काही लावता का?" मी विचारलं.

"न्हाई वं बाई. पालाबिला काय बी न्हाई."

"मग डॉक्टर यायच्या आधी काय करता?"

"करायचं काय? पू पुसून घेते आन् कॅप्सूल फोडून पूड टाकते. मेडिकलातनंच आणलीया. येवढं मोठं डाक्टर येनार, त्यांच्यापुढं पाय घाण कसा ठिवू?"

पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तशी ती रोज जखम आवरून ठेवत होती. जखमेवर पूड टाकायची ही रीत आमच्याकडे घरोघरी आहे. माझ्या आईनंही माझ्या फुटलेल्या गुडघ्यावर ती टाकली आहे. पण ती कॅप्सूल अँटिबायोटिकची, जंतू मारणारी. वरच्या पुवात मिसळलेल्या त्या पुडीमुळे माझी प्लेट कोरी राहत होती, आणि खाली, जिथं ती जेमतेम पोचत होती, तिथं जंतू तिला निवांत सरावत होते. मला हसावं की ओरडावं कळेना.

"काका, पाय वाचवायचा तर पूड आजपासून बंद," मी म्हणाले.

"बंद," काका म्हणाले. "पन बाई, पाय तेवढा ऱ्हाऊ द्या. उसाला पानी मीच पाजतो."

सर्जनकडे मी मुदत मागितली. ते कुरकुरले, पण कबूल झाले. जखम धुऊन, सडका थर काढून, आतल्या मांसाचा तुकडा त्यांनी स्वतः पाठवला. या वेळी प्लेट भरून आली. मग त्या जंतूंवर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवल्या. बहुतेक चकत्यांना जंतू अगदी खेटून वाढले होते, कॅप्सूलमधल्या औषधालाही. एका जुन्या, मागे पडलेल्या औषधाभोवती मात्र स्वच्छ, मोकळं वर्तुळ होतं, म्हणजे तिथं जंतू वाढूच शकले नव्हते. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. त्याच औषधाची इंजेक्शनं सुरू झाली. करंगळी गेली, पाय राहिला.

घरी जायच्या दिवशी काका वॉकर धरून प्रयोगशाळेच्या दारात आले. मावशींनी मला बाजूला घेतलं आणि त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "खरं सांगा बाई. माज्या हातानंच त्यांचा पाय गेला असता न्हवं?"

मला खोटं बोलता येत नाही. "गेला असता," मी म्हणाले. "पण मी विचारल्यावर तुम्ही लपवलं असतंत तरीही गेला असता. तुम्ही सांगितलंत, म्हणून राहिला."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. माझेही भरून आले होते. बाहेरून काकांनी हाक मारली, एसटीची वेळ झाली होती. मावशी दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"आमच्या आळीत समद्याच टाकत्यात पूड," त्या म्हणाल्या. "आज जाऊन सांगते. माजं ऐकत्याल त्या."