तीन तारांचा भोंगा

उकर्डा मिस्त्रीच्या हातात काहीही दिलं की तो आधी ते बोटाच्या पेराने वाजवून पाहायचा. गाडीचं चाक, दाराची चौकट, बाजारातलं टरबूज, सगळ्यांना एकच न्याय. माझी क्लॅरिनेट पहिल्यांदा त्याच्या हातात पडली तेव्हा तिच्यावरही त्याने टकटक केली, कान लावला आणि म्हणाला, "बापू, लाकूड खरं हाय. वाजवणाऱ्याचं मंग पाहू." मी तेव्हा कारंज्याच्या एका लग्नाच्या बँडमध्ये होतो आणि स्वतःला मोठा वादक समजत होतो. त्याचा तो शेरा मला पुढचे चार दिवस डाचत राहिला.

धंदा त्याचा बैलगाड्या करण्याचा. गाव संपतं तिथे, रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली त्याचं काम चाले. आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईने याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचलून घेतलं होतं, त्यावरून हे नाव. त्या नावाची त्याला कधी लाज वाटली नाही. "देवानं फेकलेला माल हाय, कोणी चोरत नाई," असं तो हसत सांगायचा. काम घेताना 'हो' हा शब्द मात्र त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "पाहू," एवढंच म्हणायचा, आणि गाडी वेळेवर उभी असायची.

आमच्या बँडमधला सर्वांत मोठा पितळी भोंगा शेषराव फुंकत. ढोल आणि आमच्या तुताऱ्या-बिताऱ्या यांच्या खाली जो जाडाभरडा सूर धरावा लागतो, तो त्यांचा. उकर्डाची धाकटी बहीण गिरजाबाई ही त्यांची बायको. पन्नास सालानंतरच्या एका भाद्रपदात शेषरावांच्या रुमालावर रक्त दिसलं. अकोल्याच्या डॉक्टरने क्षयाच्या सुया लिहून दिल्या आणि बजावून सांगितलं, की पुन्हा भोंगा फुंकलात तर आतली जखम उघडेल, मग माझ्याकडे येऊ नका.

आमचे उस्ताद काही वाईट माणूस नव्हते. पण बँड त्यांना चालवायचा होता. "नीचे का सूर नहीं रहा तो बारात हल्की लगती, शेषराव," ते म्हणाले. "तुलसी के ब्याह तक रुकता मैं. फिर अमरावती से आदमी लाना पडेगा." शेषरावांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन सांगितलं, तुळशीच्या लग्नानंतर मीच फुंकणार. गिरजाबाई रडल्या, भांडल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. शेषरावांचं उत्तर एकच. "घरी बसून मेलो तरी मेलोच ना वं." रोज सकाळी ते अंगणात बसून चिंचेने तो भोंगा घासायचे. दिवसेंदिवस तो जास्तच चमकू लागला आणि मला त्याच्याकडे पाहवेना.

त्याच सुमारास गणपतीत लाऊडस्पीकरवाल्याचं यंत्र बंद पडलं. मोटारीच्या बॅटरीवर चालणारं ते धूड. दुरुस्त करताना ग्रामोफोनची सुई चुकून लाकडी टेबलावर टेकली, आणि उकर्डाने सवयीने टेबल वाजवलं. कर्ण्यातून असा धम्म आवाज आला की समोर बसलेली पोरं उठून पळाली. उकर्डा मात्र जागेवरच उभा राहिला. त्याने पुन्हा वाजवलं. मग लाऊडस्पीकरवाल्याला विचारलं, "लाकडाचा आवाज ह्या तारंतून जाते, तं ताणलेल्या तारेचा काहून नाई जाणार?"

लाऊडस्पीकरवाला होता चौकस. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळायची, वर पोलादी तार ताणायची, ती थरथरली की तो थरथराट यंत्रात जातो आणि मोठा होऊन बाहेर पडतो, एवढं त्याने उकर्डाला समजावलं. इतरांनी हे ऐकून सोडून दिलं असतं. उकर्डा "पाहू" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी, न फुंकता खालचा सूर देईल असं तारांचं वाद्य करायचं म्हणून, मेहुण्याच्या घरी सुतळी घेऊन माप घ्यायला गेला.

शिंप्याने घ्यावं तसं त्याने शेषरावांचं माप घेतलं. खांद्यापासून कमरेपर्यंत, कोपरापासून बोटांपर्यंत. छातीवर दाब येऊ नये म्हणून लाकूड मागून खोलगट कोरायचं ठरलं. भोंग्यावर खटके तीन, ते दाबून शेषरावांची तीन बोटं तयार झालेली, म्हणून तारा तीनच. "त्यायची बोटं नवीन कायले शिकवू? जुनीच कामाले लावू," तो मला म्हणाला. सर्वांत जाड तार सायकलच्या ब्रेकची, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. हे सगळं बाभळीखाली, चाकांच्या मध्ये बसून चाललेलं. जाणारे-येणारे विचारायचे, मिस्त्री हे काय? तो सांगायचा, "गाडीच हाय. बैल नाई लागत हिले." शेषराव मात्र तिकडे फिरकत नसत. सुताराच्या खेळण्याने बँड चालत नाही, असं ते माझ्याजवळ बोलले होते, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

दसऱ्यानंतर वाद्य उभं राहिलं. दांडी वेगळी, अंग वेगळं, दोन्ही सरसाने चिकटवलेलं, कारण हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एकाने तसा सल्ला दिला होता. यंत्राला जोडून उकर्डाने तार छेडली आणि कर्ण्यातून जो सूर आला, तो माझ्या पोटात शिरला. पण ऑक्टोबरचं ऊन, वर तीन तारांचा ताण. आठवड्यात सांध्याला नखभर फट पडली आणि सूर उतरू लागला.

इथे उकर्डाने जे केलं ते फक्त गाडी करणाराच करू जाणे. आमच्याकडे उन्हाने चाक ढिलं पडलं की गाडी नाल्यात उभी करतात. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि सांधे आवळतात. जन्मभर हेच करत आलेल्या या माणसाने ते वाद्य ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि दिवसभर त्यावर पाणी मारत राहिला. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा त्याने पोतं सोडलं. सरस विरघळून गेला होता. दांडी त्याच्या एका हातात आली, अंग दुसऱ्या हातात. चुंबकाच्या गुंडाळीतून पाणी ठिबकत होतं.

 दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन तो खाली बसला. मी त्याला रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच. मग नाक पुसून म्हणाला, "मी सुतार कायचा, बापू? दुसऱ्याच्या अकलेनं चाललो. गाडीची दांडी कोणी चिकटवते का?" तुळशीच्या लग्नाला बारा दिवस उरले होते.

उकर्डाच्या आणि शेषरावांच्या घरी दिवाळी आली नाही. उकर्डाने गाडीसाठी राखून ठेवलेलं सागाचं लांब लाकूड काढलं आणि डोक्यापासून शेपटापर्यंत एकच दांडी ओढून घेतली. अंगाचे दोन तुकडे दोन बाजूंनी लाकडी खुंट्या ठोकून बसवले, वर पाचरी. सरसाचा थेंब नाही. मी घाई केली की ओरडायचा, "घाईनं बसवलेला चाकाचा आरा पयल्या खड्ड्यात जवाब देते. गप बस."

पण तांब्याची गुंडाळी नव्याने करणं त्याच्या जाड बोटांना जमेना. ते काम गिरजाबाईंनी घेतलं. त्यांचा सूतकताईचा चरखा होता. त्याच्या चातीवर चुंबक बसवून त्या तार गुंडाळू लागल्या. तार अशी, की श्वास जोरात सोडला तरी तुटेल. एकदा तुटली, जोडली. पुन्हा तुटली. तार तुटली की गिरजाबाई अंगणाकडे पाहायच्या, आणि अंगणात नवरा चिंचेने पितळ घासत बसलेला असायचा. मी शेजारी बसून होतो, पण मदत करायची माझी हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गुंडाळी पुरी झाली तेव्हा त्यांची बोटं इतकी आखडली होती की पाण्याचा पेला मी त्यांच्या ओठांना लावला.

हंगामातलं पहिलं लग्न एका व्यापाऱ्याकडचं, गोरज मुहूर्ताचं. बॅटरी, यंत्र आणि कर्णा बैलगाडीवर चढवला. गाडी हाकायला स्वतः उकर्डा. मागे गाडीत शेषराव, गळ्यात तो लाकडी भोंगा अडकवून. बायकोची ती तीन दिवसांची गुंडाळी पाहिल्यावर ते नाही म्हणू शकले नव्हते, आणि उरलेल्या दिवसांत त्यांनी तारांवर बोटं बसवून घेतली होती. उस्ताद दोनदा त्या भोंग्याकडे पाहून गेले. आम्ही पहिलं गाणं उचललं आणि मागून ते सूर आले, जाड, गोल, गाडीच्या फळ्यांतून रस्त्यात उतरणारे. उस्तादांनी वळून पाहिलं आणि मान हलवली. शेषरावांचा चेहरा मी विसरणार नाही. लग्नात पहिल्यांदाच ते धाप न लागता हसत होते.

मंडप दोन गल्ल्या राहिला आणि आवाज बसू लागला. बॅटरी संपत आली होती. आधी सूर पातळ झाला, मग नुसती घरघर, मग तीही नाही. उस्ताद मागे वळले. वरात नाचतच होती, तिला काही कळलं नव्हतं, पण आम्हा सगळ्यांच्या पायांखालून काहीतरी निघून गेलं होतं. शेषरावांनी गळ्यातलं वाद्य उतरवलं, गाडीतल्या पोत्याखाली हात घातला आणि पितळी भोंगा बाहेर काढला. कधी लपवून ठेवला होता कोण जाणे.

उकर्डाने कासरा ओढला, पण तो ओरडला नाही. वळून शांतपणे म्हणाला, "फुंका, भाऊजी. मी कोण अडवणारा? पण मंग घरी जाऊन गिरजीले तुमीच सांगा. माह्या तोंडून निंगणार नाई ते." शेषराव भोंगा धरून तसेच उभे राहिले. मी क्लॅरिनेट वाजवत होतो, पण काय वाजवत होतो ते मला ठाऊक नाही.

शेषरावांनी भोंगा खाली ठेवला. उकर्डाने कासरा सैल केला, आणि गाडीच्या फळीवर मूठ आपटायला सुरुवात केली. धम्म, धम्म, ढोलाच्या जोडीने, नेमक्या जागी. शेषरावही खाली बसून दुसऱ्या फळीवर मूठ आपटू लागले. साला आणि मेहुणा, दोघे मंडपापर्यंत तसेच गाडी बडवत आले. उस्तादांनी निघताना एवढंच सांगितलं, "कल से दो बॅटरी." अमरावतीच्या माणसाचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

शेषरावांच्या सुया पुऱ्या झाल्या, खोकला थांबला, आणि ते त्या तीन तारांवर बँडमध्ये टिकले. चार-पाच वर्षं गेली. मी जवळच्याच मालेगावच्या शाळेत नोकरीला लागलो होतो. एका श्रावणात निरोप आला, की उकर्डा मिस्त्री तापाने गेला. तीन दिवसांचा ताप. ज्याच्यासाठी आम्ही सगळे भीत होतो तो जिवंत होता, आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं तो गेला.

मी थेट स्मशानात पोचलो. पावसाने लाकडं ओली होती. अग्नी दिला, पण जाळ धरेना. घासलेट ओतलं, गोवऱ्या सारल्या, पदराने घालावा तसा उपरण्याने वारा घातला. नुसता धूर. तेवढ्यात शेषराव पुढे झाले आणि गुडघ्यांवर बसले. मी त्यांचा दंड धरला. "शेषरावभाऊ, तुमाले मना हाय फुंकायची."

त्यांनी धुरातून माझ्याकडे पाहिलं. "ज्यानं मना करायची तो निजला हाय बापू. आजच्या दिस फुंकू दे."

मी हात सोडला. त्यांनी छाती भरून घेतली आणि फुंकर घातली, पुन्हा घातली, लाकडं पेटेपर्यंत.