काळेवाडीचा थांबा

चाकणच्या आमच्या कंपनीत कामगारांच्या बसचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. म्हणजे बस चुकली की शिव्या मला, आणि वेळेवर आली की कौतुक ड्रायव्हरचं.

एका सकाळी काळेवाडीला एक नवी ट्रेनी मुलगी हात करत उभी होती आणि आमची बस तिच्यासमोरून सरळ निघून गेली. मी आतच होतो. "अहो भाऊ, थांबवा की," मी ड्रायव्हरला म्हणालो.

"स्क्रीनवर काळेवाडी नाहीच. नसलेल्या जागी थांबलो तर मेमो मला. सॉफ्टवेअर तुमचंच ना, राव?"

झालं होतं असं. ट्रान्सपोर्टच्या माणसाने पाहिलं, काळेवाडीला कुणी चढतं का? कुणीच नाही. त्याच क्षणी एचआरच्या बाईंनी पाहिलं, काळेवाडीला थांबा आहे का? आहे. त्याने थांबा काढला, यांनी त्या नव्या मुलीला तोच दिला. पाहिलं तेव्हा दोघांचंही खरं होतं.

थांबा परत घाला म्हटलं, तर ट्रान्सपोर्टवाले म्हणाले, एका माणसासाठी नवा थांबा मंजूर होत नाही. पोरगी रिक्षा बदलत बदलत रोज उशिरा पोहोचायची. पर्मनंट व्हायची आशा होती तिला. लेट मार्क साचले आणि ट्रेनिंग संपायच्या आतच तिला घरी पाठवलं. माझं डोकं सणकलं, पण त्याला कंपनीत कोण विचारतो?

मग सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीची परवानगी आली. वरातीमागून घोडं. सीटवर रुमाल टाकतात तसं केलं: थांब्याच्या नोंदीला जो आधी हात घालेल त्याचा रुमाल, दुसऱ्याने तोवर थांबायचं आणि मग पुन्हा बघायचं. शिवाय एकाचंही नाव जोडलेलं असेल तर थांबा काढताच येणार नाही. पण हा नियम लागू होईना, कारण त्या मुलीची जुनी नोंद अजून काढून टाकलेल्या थांब्याला लोंबकळत होती, आणि ते सिस्टिमला चालेना. ती काढा म्हटलं, तर एचआर म्हणे, ऑडिटसाठी ठेवावी लागते. शेवटी थांबाच परत घातला. या वेळी मंजुरी लगेच मिळाली. डेटा स्वच्छ हवा ना!

आता आमची बस रोज काळेवाडीला थांबते. ती मुलगी तिथेच उभी असते, दुसऱ्या कंपनीच्या बसची वाट बघत. पहिल्या दिवशी ड्रायव्हरने दार उघडून विचारलं, "ताई, येताय का?"

"न्हाई," ती म्हणाली.

हल्ली तो विचारत नाही. दार उघडतो, स्क्रीनवर टिक पडेपर्यंत थांबतो. ती मोबाइलमध्ये बघते. मला लाज वाटते, मी बुटांकडे बघतो.