मैनाची क्रियापदं

"बाई, मना सगली इंग्रजी नको. हुकूम देण्यापुरती शिकवा," मैना माझ्या ओटीवर बसता बसता म्हणाली. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण इतकी नेमकी मागणी कुणी केली नव्हती. मला ती बाई तिथेच आवडली.

किहीममधला एक बंगला मैना आणि तिचा नवरा हरेश्वर राखायचे. म्हणजे झाडलोट, बाग, पाहुण्यांचं जेवणखाण मैना करायची आणि हरेश्वर फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा. पगार मात्र हरेश्वरच्या नावावर. अशातच मांडव्याच्या जेट्टीवर प्रवाशांना हात देऊन बोटीत चढवायला बाईमाणूस हवं असल्याचं तिला कळलं. अट एकच, मुंबईच्या लोकांना चार सूचना इंग्रजीत देता आल्या पाहिजेत. मैनाला स्वतःच्या नावाचा पगार हवा होता. तसं ती उघड म्हणायची, हरेश्वरच्या तोंडावरसुद्धा.

मी तिला क्रियापदाची व्याख्या सांगितली नाही. व्याख्या पाठ करून कुणी कधी बोटीत चढलेलं नाही. आम्ही तिच्या कामातूनच सुरुवात केली. हंडा उचलला की 'लिफ्ट', कळशी ओतली की 'पोअर', नारळ झेलला की 'कॅच'. आपण मराठीत 'पुश करा', 'होल्ड करा' म्हणतो, म्हणून सुरुवातीला ती 'डू होल्ड' म्हणायची. मी म्हटलं, "अगं, तो 'डू' फेकून दे. नुसतं होल्ड म्हण आणि धर." तिने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. पुढे हरेश्वरलाच ती 'स्टँड', 'मूव्ह' करू लागली. तो बिचारा कुरकुरत उठायचा, पण उठायचा.

त्या नोकरीच्या परीक्षेच्या दिवशी मीही जेट्टीवर गेले. टेबलापाशी बसलेले साहेब म्हणाले, "प्रवासी बोटीत चढतोय. काय सांगाल?"

मैना पदर खांद्यावर घेऊन, हात पोटाशी जुळवून उभी राहिली आणि गप्प झाली. माझ्या लक्षात आलं. तिच्या घरी मोठ्या माणसापुढे हात हलवून बोललं की बाई भांडायला आली असं समजतात. मान राखायचा म्हणून ती हात आवरून उभी होती आणि तिची सगळी इंग्रजी तर हातांतून शिकलेली! साहेबांनी पुन्हा विचारलं. तिने हात आणखी घट्ट जुळवले. शेजारचा कारकून हसला, तेव्हा माझं डोकं असं तापलं की त्याच्या खुर्चीला लाथ घालावीशी वाटली.

साहेब पुढच्या बाईला हाक मारणार, तोच मैनाने पदर कमरेला खोचला.

"सायब, मना आशी उभ्यानं न्हाय बोलता येत. तुमी बोटीवर चला."

साहेब गडबडले, पण उठले. सकाळची बोट भरत होती. ओहोटीमुळे ती खाली गेली होती आणि पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. साहेब मोबाइलमध्ये बघतच पाय टाकू लागले.

"स्टॉप!" मैनाचा आवाज घुमला. "फोन, पॉकेट. लुक डाउन. होल्ड माय हँड." खालून लाट आली, बोट जेट्टीवर आदळली. साहेबांचा पाय उचललेलाच होता. तिने त्यांचा दंड घट्ट आवळला. "वेट... वेट... नाउ स्टेप!"

साहेब आत गेले. "सिट," ती म्हणाली आणि ते बसले. कारकुनाचं हसू कुठल्या कुठे गेलं. मला तर मोठ्याने टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी वाजवल्याही.

बसल्या जागेवरून साहेबांनी विचारलं, "कामावर कधीपासून येणार?"

मैनाने वळूनही पाहिलं नाही. मागे रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजींचा हात तिच्या हातात आला होता आणि आजींचा पाय अजून जेट्टीवरच होता.

"वेट," मैना म्हणाली.

आजी थांबल्या. साहेबही थांबले.